भरतीआधी चार हाका

किवान्दा फाटक,
१४ जानेवारी १९९६

जुम्वा पोरी,

तुझ्या आईला जाऊन तीन वर्षं झाली. त्यानंतर मी तुला दोनच पत्रं लिहिली आणि दोन्ही पत्रांत पावसाबद्दल लिहिलं. या पत्रात पाऊस नाही.

मला चार दिवसांची रजा मिळतेय. जुलैत रेल्वे मला सोडणार, म्हणजे मी रेल्वेला. त्याआधी एकदा म्वाकोंबा खाडीत यायचंय. तुम्ही तिचं आता अभयारण्य केलंत, फलक लावलेत, शहरातली माणसं पायी हिंडायला आणि पक्षी बघायला येतात, असं ऐकलं. आम्ही त्याच चिखलात मासे धरायचो तेव्हा आम्हाला बघायला कोणी आलं नाही. आता तू त्या लोकांना हिंडवतेस म्हणे. तुझी आई असती तर म्हणाली असती, चालायचं शिकवायला पण आता माणूस लागतं का.

मला तो खेकडेखाऊ पांढरा पक्षी परत बघायचाय. जाड चोचीचा, पाठीवर काळा पट्टा. ओहोटीला वाळूच्या दांड्यावर शेकड्यांनी उभे असायचे. तुझी आई त्यांना पंच म्हणायची, कारण सगळे एका दिशेला तोंड करून गप्प उभे. पावसाआधी ते सोमालियाकडे निघून जातात हे मला माहीत आहे, म्हणून फेब्रुवारीत येतो.

पाहुणा म्हणून वागवू नकोस. नारळातलं माशाचं कालवण असलं की झालं.

तुझा मामा
थोया

---

म्वाकोंबा,
२७ जानेवारी

थोयामामा,

या. किती वेळा बोलावलं, आठवतंय का? आज स्वतःहून येताय म्हणजे काहीतरी शिजतंय, पण ते आल्यावर विचारीन.

वीस फेब्रुवारीला, मंगळवारी, माझ्याकडे तीन पाहुण्या आहेत. कितालेच्या निवृत्त शिक्षिका. समुद्र पहिल्यांदाच बघणार आहेत. त्यांतल्या नाफुला बाईंनी मला चार पानी पत्र लिहून एकेका पक्ष्याची चौकशी केलीय, आणि शेवटी लिहिलंय की माझा एक गुडघा जरा हट्टी आहे. त्यांच्याबरोबरच तुम्हाला नेते. अमावस्येनंतरचा दुसरा दिवस, उधाणाची ओहोटी. पाणी इतकं लांब जातं की दांड्यापर्यंत चालत जाता येतं. साडेदहाला पाणी सगळ्यात खाली. एकच्या आत आपण काठावर परत. तुम्ही इथलेच, तरी सांगून ठेवते: उधाणाचं पाणी समोरून येत नाही, मागून येतं. दांडा आणि तिवरांच्या मधली नळी आधी भरते, आणि आपण पक्षी बघत उभे राहतो.

माझा एकच नियम आहे, रांग सोडायची नाही. मामा असला तरी.

डोळे कसे आहेत? विचारते कारण तुमचं अक्षर हाताच्या पंजाएवढं झालंय. आधीची पत्रं काढून पाहिली. दुर्बीण माझ्याकडे एकच जादा आहे, ती बाईंना द्यावी का तुम्हाला, तेवढं कळवा.

तुमची
जुम्वा

---

किवान्दा फाटक,
६ फेब्रुवारी

जुम्वा पोरी,

दुर्बीण बाईंना दे. मी मैलभरावरून इंजिनाचा दिवा ओळखतो, त्यावर चौतीस वर्षं पगार घेतोय. अक्षर मोठं आहे कारण स्टेशनातलं पेन जाड आहे. तू मास्तरीण होतीस तेव्हापासून दुसऱ्याच्या वहीत चुका शोधायची खोड तुला आहे.

एकोणीस तारखेच्या बसने निघतो, संध्याकाळी पोचेन. रांग सोडणार नाही. मी ज्या खाडीत पोहायला शिकलो तिथे मला रांगेत चालवणारी तू पहिलीच.

थोया

---

म्वाकोंबा,
२४ फेब्रुवारी

मामा,

तुम्ही बुधवारी सकाळच्या बसने गेलात ते मला शेजारणीकडून कळलं. मी तेव्हा इस्पितळात होते. चिठ्ठी नाही, निरोप नाही.

नाफुला बाई जिवंत आहेत. पाय मोडलाय, पण भीती त्याची नाही. खारं पाणी छातीत गेलंय आणि ताप उतरत नाही. डॉक्टर म्हणतात, वय बघता काही सांगता येत नाही. त्यांच्या दोघी मैत्रिणी आलटून पालटून उशाशी बसतात. माझ्याशी बोलतात, पण माझ्याकडे बघत नाहीत.

अभयारण्याच्या समितीने मला कामावरून बाजूला केलंय. १५ मार्चला चौकशी आहे. अध्यक्ष चेंगो म्हणाले, "झालं ते क्रमाने लिहून दे." लिहिलं ते असं.

सव्वाअकराला आपण पाचजण दांड्यावर पोचलो. खेकडेखाऊ दोनशेच्या वर होते. पावणेबाराला मी परत फिरायला सांगितलं. तिवरांच्या पहिल्या बेटापाशी आले, मोजलं तर माझ्यासकट चारच. तुम्ही नव्हता. तुम्ही अजून दांड्यावर होता, एकटे, हळूहळू उलट्या बाजूला चालत. मी तिघींना बेटाजवळच्या खांबापाशी उभं केलं, "इथून एक पाऊलही हलू नका" म्हटलं आणि धावले. चार हाका मारल्या, मामा म्हणून आणि नावाने. दुसऱ्या हाकेला तुम्ही वळलात, सरळ माझ्याकडे पाहिलंत आणि पाण्याकडे चालायला लागलात.

तुम्हाला धरून परत आणेपर्यंत मधली नळी भरली होती. पलीकडे त्या तिघी. आपण उशीर करतोय असं बघून बाई आपल्याला हाक मारायला खांबापासून थोड्या पुढे आल्या, हट्टी पाय मांडीपर्यंत चिखलात रुतला आणि पडताना मोडला. मैत्रिणींनी काखेत धरून ठेवलं. पाणी छातीपर्यंत, मग हनुवटीपर्यंत. एकदोनदा त्या खाली गेल्या. मी तुम्हाला दांड्याच्या उंच टोकावर बसवलं आणि पोहत गेले. मासेमारांची होडी आली नसती तर या पत्रात वेगळं लिहावं लागलं असतं.

मी पाहुण्यांना सोडून स्वतःच्या मामामागे गेले. समिती हेच धरून बसणार. तुम्ही एकच करा, झालं तसं लिहून समितीला पाठवा. की तुम्ही रांग सोडली, मागे राहिलात, हाका मारल्या तरी आला नाहीत. तुमच्या जिवाला धोका होता हे त्यांना कळलं तर मी का गेले तेही कळेल.

का मागे राहिलात हे मला सांगायचं नसेल तर नका सांगू. मी रागात आहे, विचारायची पण इच्छा नाही.

जुम्वा

---

किवान्दा फाटक,
२ मार्च

जुम्वा पोरी,

समितीला कागद पाठवला, थेट चेंगोच्या नावाने. काळजी करू नकोस. बाईंसाठी आम्ही इथे चर्चमध्ये प्रार्थना केली, स्टेशनमास्तरची बायकोही होती.

घाईत निघालो कारण रजा संपली होती. तू दमली होतीस, म्हणून थांबलो नाही.

इथे माकडांनी उच्छाद मांडलाय. फाटकाच्या खोलीतून काल केळी नेली आणि साली फाटकावर ठेवून गेली. रेल्वेचा इन्स्पेक्टर याच महिन्यात येतोय, सगळ्या फाटकांची तपासणी आहे. जुलैपर्यंत नीट गेलं की सुटलो.

तुझी आई म्हणायची, जुम्वाचं डोकं तापलं की ओल्या लाकडासारखं धुमसत राहतं. जेवत जा.

थोया

---

म्वाकोंबा,
१६ मार्च

मामा,

काल तुमचा कागद सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. चेंगोंनी दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही.

"मी हरवलो नव्हतो. मी दांड्यावर सुरक्षित जागी उभा राहून पक्षी बघत होतो. माझा जन्म याच खाडीवरचा. मला परतीची वाट आणि भरतीची वेळ दोन्ही ठाऊक होत्या. माझी भाची घाबरून आली, त्याची गरज नव्हती. मी हाक ऐकली नाही."

खाली तुमची सही, पंजाएवढी.

एक सभासद म्हणाले, "म्हणजे मामाला धोका नव्हताच. मग या बाईने तीन म्हाताऱ्या माणसांना चिखलात उभं करून कशासाठी सोडलं?" मी म्हटलं, त्यांना हाक ऐकू आली होती, ते वळले होते. ते म्हणाले, "तुमचे मामा खोटं बोलतात का?" आईच्या भावाला चारचौघांत खोटारडा म्हणायला माझं तोंड उघडलं नाही. तुमचं पेन मात्र चाललं.

निकाल एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. बाईंचा ताप परवा पुन्हा चढला. त्यांना काही झालं तर प्रकरण पोलिसांकडे जाईल, असं चेंगोंनी बाहेर येऊन मला हळूच सांगितलं. बाईंच्या मैत्रिणींनी चौकशीत माझ्याविरुद्ध एक शब्द काढला नाही. परक्या बायकांनी.

मी उद्या मालिंदीला जातेय, एका हॉटेलात चादरी धुवायचं काम आहे. इथे अभयारण्याच्या फाटकाशी उभं राहून दुसऱ्याला माझ्या वाटेने लोकांना नेताना बघवत नाही.

मला आता पत्र पाठवू नका. फक्त एक सांगते, कारण ते रोज सकाळी डोळ्यांसमोर येतं. वारा माझ्या पाठीमागून तुमच्याकडे होता. मी शंभर पावलांवर होते. तुम्ही वळलात, माझ्याकडे बघून हसलात, हात वर केलात आणि पाण्यात चालत गेलात. पाणी पोटरीला लागलं तरी थांबला नाहीत. मी धावत येऊन दंड धरला तेव्हा दचकलात. तुम्ही कोणाकडे बघून हसत होता?

जुम्वा

---

किवान्दा फाटक,
२५ मार्च

जुम्वा,

पत्र पाठवू नका म्हणालीस, तरी पाठवतोय. चेंगो ते तुला पोचवेल.

तुझं पत्र वाचायला मला दोन दिवस लागले. सकाळच्या उजेडात भिंग धरून एकेक शब्द. शेवटचा प्रश्न वाचून झाल्यावर भिंग खिशात घातलं आणि हे लिहायला घेतलं.

मी तुझ्याकडे बघून हसत होतो. म्हणजे मला वाटलं ती तू आहेस. डोक्याला पांढरं फडकं बांधलेली तू. हाक आली तशी वळलो, तर उजेडात एक उंच पांढरं काहीतरी हललं. मी हात केला आणि त्याच्याकडे चालायला लागलो. ते उडालं. बगळा होता बहुतेक. तेवढ्यात तू दुसरीकडूनच दंड धरलास.

मला दिसत नाही. दोन वर्षं झाली. डाव्या डोळ्यावर पूर्ण साय आहे, उजव्याने सकाळी थोडं भागतं. ऊन चढलं की सगळं दुधात बुडतं. त्या दिवशी वाळू, पाणी आणि आभाळ यांच्यात मला काही फरक नव्हता. तुम्ही परत फिरलात तेव्हा मी पायांच्या आवाजामागे चाललो होतो. मग पक्ष्यांचा थवा ओरडला आणि पाय ऐकू येईनात. हाक मारली असती तर तू चार पावलांवर होतीस. मारली नाही. आदल्या दिवशीपासून निभावलं होतं. तू पक्षी दाखवायचीस आणि मी म्हणायचो, "तूच वर्णन कर, बघू तुला येतं का." तू हसून सांगायचीस. ते मोडायला नको वाटलं.

डॉक्टरकडे गेलो नाही, कारण रेल्वेच्या डॉक्टरने कागदावर लिहिलं की फाटक गेलं. फाटक गेलं की मी कोण? शिवाय ऑपरेशन करून पूर्ण आंधळा होऊन आलेला, रुळांचे सांधे बदलणारा एक पॉइंट्समन माझ्या माहितीचा आहे. जुलैपर्यंत रेटायचं ठरवलं होतं. फोनची घंटा ऐकायची, रुळाला कान लावायचा, फाटक पाडायचं. दोन वर्षं चुकलो नाही.

समितीच्या कागदावर "हरवलो" लिहिलं असतं तर पुढचा प्रश्न "का" असा आला असता. इन्स्पेक्टर यायचा होता. म्हणून मी तो कागद तसा लिहिला. तुझं काय होईल याचा विचार केला नाही असं नाही. केला, आणि तरी लिहिला. हे तुला माझ्याच तोंडून कळायला हवं.

आता शुक्रवारचं. २२ तारखेला मालगाडी गेली, मी फाटक उचललं. तिच्यामागे दुसरी गाडी होती. घंटा झाली होती, पण पहिलीच्या आवाजात मला ऐकू आली नाही. बाजाराहून येणाऱ्या बायकांनी भरलेली मोटारगाडी फाटकात शिरली. ड्रायव्हरने इंजिन बघितलं आणि जागच्या जागी ब्रेक लावला. मी तिथेच उभा होतो, माझ्या लेखी रूळ मोकळा होता. इंजिन समोरून गेलं तेव्हा वाऱ्याने कळलं. मग गाडीतली एक बाई खाली उतरली, माझ्याजवळ आली आणि अगदी हळू म्हणाली, "बाबा, तुम्हाला ते दिसलं नाही का?"

चौतीस वर्षांत मला कोणी हे विचारलं नव्हतं. मी म्हटलं, नाही.

झेंडे आणि फाटकाची किल्ली मी त्याच दुपारी स्टेशनमास्तरकडे दिली. इन्स्पेक्टर यायची वाट पाहिली नाही. मास्तर म्हणाला, "थोया, चार महिने राहिले होते." मी म्हटलं, त्या गाडीत चौदा बायका होत्या.

येत्या शुक्रवारी, २९ तारखेला, मी समितीसमोर उभा राहणार आहे. बसमध्ये कोणीतरी बसवून देईल, उतरवून घ्यायला मी चेंगोलाच निरोप दिलाय. तू मालिंदीत असशील तेच बरं. तुझ्यासमोर बोलणं मला जड जाईल.

माफ कर असं लिहीत नाही. ते तू ठरव.

थोया

---

म्वाकोंबा,
१९ एप्रिल

मामा,

मोंबासाच्या इस्पितळात तुमच्या वॉर्डच्या पत्त्यावर हे पाठवतेय. सिस्टर वाचून दाखवतील, म्हणून शिव्या गाळल्यात. त्या जागी थोडं थांबायला सिस्टरना सांगा, तुमच्या लक्षात येईल.

निकाल एकदम नाही सांगत. आधी चेंगो काय म्हणाले ते ऐका. ते स्वतः मालिंदीला आले, हॉटेलच्या मागच्या अंगणात ओल्या चादरींमध्ये उभं राहून त्यांनी मला सगळं सांगितलं.

"तुझा मामा काठी न घेता आत आला आणि टेबलावर आपटला," चेंगो म्हणाले. "म्हणाला, माझा खोटा कागद परत द्या, खरा तोंडी सांगतो. आमचा तो सभासद आहे ना, त्याला वाटलं हे तुला वाचवायचं नाटक. त्याने विचारलं, समोरच्या भिंतीवर काय टांगलंय ते सांगा. तुझा मामा म्हणाला, समोर भिंत आहे हे तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं. दोघंतिघं हसले. त्याने दांड्यावरचं सगळं सांगितलं. बगळ्याचंही. शेवटी म्हणाला, तिने मला चार हाका मारल्या आणि मी तिला एकही मारली नाही. दोष लिहायचा तर तिथे लिहा."

समितीने माझा दोष पुसलेला नाही, मामा, आणि पुसायला नकोच होता. मी तिघींना एकट्या सोडलं हे खरंच आहे. अर्ध्या मोसमाची बंदी, मग परत कामावर. उधाणाच्या दिवशी आता दोन वाटाड्यांशिवाय कोणी दांड्यावर जाणार नाही. आणि निघण्याआधी प्रत्येक पाहुण्याला एका खांबावर रंगवलेला आकडा लांबून वाचायला लावायचा. हा नियम मी सुचवला. कोणाच्या नावाने सुचवला ते कोणी विचारलं नाही.

नाफुला बाईंचा ताप दोन तारखेला उतरला. काठी घेऊन चालतात. मी भेटायला गेले तेव्हा माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुमचे मामा येऊन गेले. अर्धा तास माझ्या कॉटऐवजी शेजारणीच्या कॉटशी बोलत होते. शेजारीण बिचारी ऐकून घेत होती, माफ पण करून टाकलं तिने. मग मी हाक मारली, अहो, पाय माझा मोडलाय." हे सांगताना त्या हसत होत्या आणि मला हसू येत नव्हतं. त्यांनी वहीत खेकडेखाऊची संख्या लिहून ठेवलीय, दोनशे चौदा. पाणी छातीशी यायच्या आधी मोजले होते म्हणे. तुम्हाला माफ केलं का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पक्षी गेले. आठ तारखेला शेवटचे तीस-चाळीस होते, नऊला दांडा रिकामा.

परवा ओहोटीला मी एकटीच दांड्यावर गेले. डोळ्यांना फडकं बांधलं आणि चालायला लागले. रोजची वाट, पायांना पाठ. वाटलं होतं दोनशे पावलं तरी जाईन. चाळीस मोजली. एकेचाळिसाव्याला पायाखाली थंड पाणी लागलं. नुसतं डबकं होतं, घोट्याएवढं सुद्धा नाही, पण मी किंचाळून फडकं ओढून काढलं. तुम्ही तसे दोन वर्षं रुळाच्या कडेला उभे होता. मला तुमची कीव आली. मग त्या गाडीतल्या चौदा बायका आठवल्या आणि राग आला. मग परत कीव. काठावर पोचेपर्यंत हेच चाललं होतं.

तुमचं ऑपरेशन मंगळवारी, पट्टी गुरुवारी सोडणार असं चेंगोंनी कळवलंय. त्या पॉइंट्समनचं डोक्यातून काढा, इथल्या तीन म्हाताऱ्या तुमच्याच डॉक्टरकडून बघत्या होऊन आल्यात आणि आता सगळ्या गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढतात. मी बुधवारी पोचते. नारळातलं कालवण आणू देतात का ते विचारून ठेवा, नाही म्हणाले तरी आणीन.

पट्टी सोडतील तेव्हा तुमच्या समोर मी असेन. माझा राग अजून गेलेला नाही. तो तुम्हाला नीट दिसला पाहिजे.

तुमची
जुम्वा